कोपरा कापलेलं कार्ड

सेनगावात नाताळ कुणी करत नाही. करणारं घरच नव्हतं गावात, तर करणार कोण? तरी आमचा जिल्हा परभणीतून निघून हिंगोली झाला त्या वर्षी, दिवाळी झाल्या झाल्या, आमच्या प्रेसमध्ये नाताळची कार्डं बनली. हातानं. ठसे मारून, चमकी लावून. कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. हसा बापडे.

प्रेस आमच्या ह्यांची. हरिचंद त्यांचं नाव, पण मी 'हे'च म्हणणार, तुम्ही समजून घ्या. पायानं चालवायचं एक छपाईचं मशीन, एक कागद कापायचं मशीन आणि रबरी शिक्के करायचं सामान, एवढा पसारा. लग्नसराईत पत्रिका, एरवी सरपंचांचे आणि शाळांचे शिक्के, आणि कुणी वारलं की तेरवीचे कागद. मशीन त्यांच्याकडं, बोलणं माझ्याकडं. कारण हे बोलायला लागतात आणि वाक्य संपवत नाहीत, अन् तेवढ्यात गिऱ्हाईक दुसऱ्या प्रेसची पायरी चढतं.

काम आणलं औरंगाबादच्या एका कागदवाल्यानं. विश्वजीत त्याचं नाव. तो म्हणाला, कार्डं परदेशी जाणार, पण मशीनवर छापलेली नकोत, हातानं केलेली पाहिजेत, तिकडं त्याचं कौतुक असतं. मशीनवाल्याच्या दारात येऊन हातानं करा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानं जाड खरबरीत कागदाचे गठ्ठे टाकले, चमकीच्या पुड्या टाकल्या, एक बंद पाकीट दिलं. 'नमुना आत आहे, बराबर असाच पाहिजे,' म्हणाला आणि गेला.

पाकीट उघडलं तेव्हा माझ्याजवळ आमच्या गल्लीतली पेमा उभी होती. पेमाला कामाला घ्यायचं मी ठरवलेलंच होतं, तिचा हात चलाख, तोंड त्याहून चलाख. मी कार्ड बाहेर काढलं. दुमडलेलं, वरच्या पानावर हिरवं झाड, झाडावर चांदणी. आणि वरच्या पानाचा खालचा कोपरा तिरपा कापलेला.

'अगं बाई!' पेमा दोन पावलं मागं सरली. 'कोण गेलं?'

आता ह्यात पेमाची काय चूक? आमच्याकडं पोस्टकार्डाचा कोपरा फाटलेला दिसला की माणूस मजकूर वाचायच्या आधीच मटकन खाली बसतो. मौतीची खबर तशीच येते. ते कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. आणि तो कोपरा फाडतात घरचे. प्रेस फाडत नाही. आम्ही तेरवीचे इतके कागद छापले, कोपऱ्याला कधी हात लावला नाही. ज्याचं माणूस गेलं त्यानंच तो फाडायचा.

ह्यांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं. कापलेल्या कोपऱ्यातून आतला लाल कागद दिसत होता. 'म्हणजे तो लाल दिसावा म्हणून त्यांनी...' म्हणाले आणि थांबले. मी म्हटलं, कळलं. शोभा आहे. पण असली शोभा आपल्याच्यानं व्हायची नाही, कोपरा राहू द्या, तिथं एक चांदणी जास्तीची लावू. ह्यांनी मान हलवली.

शिक्के ह्यांनी मस्त केले. झाड, घंटा, चांदणी आणि एक दाढीवाला बुवा. फक्त शाई आमच्याकडं जांभळी, ग्रामपंचायतीची. पहिली झाडं जांभळी उमटली. तो दाढीवाला तर तालुक्याचा कुणी साहेब वाटायला लागला. मग हिंगोलीहून हिरवी आणि लाल आणली.

कामाला पेमा, तलाठ्याची बायको रागिणी आणि पुसेगावची तारा. तारा सेनगावला शिवणाच्या वर्गाला यायची, तिथून रागिणीनं तिला आणलं. सडपातळ पोर, पंचविशीच्या आतली. शिक्का उचलून असा ठेवायची की रेघ कुठं फुटायची नाही. तिच्यासोबत रोज जीपनं तिची सासू यायची. बनाबाई. अंगानं वाळलेली, नऊवारी, कपाळ भरून कुंकू, तोंडात सुपारी. सुनेला एकटी सोडायची नाही. पहिल्या दिवशी उंबऱ्याशी बसून राहिली. मला रिकामं बसलेलं माणूस दिसलं की डोक्यात तिडीक जाते. मी तिच्या हातात चहाची गाळणी दिली आणि म्हटलं, बनाबाई, बसलाच आहात तर हे चाळा.

चमकी गाळणीनंच टाकायची. शिक्का मारायचा, वरून बारीक कुंच्यानं डिंक फिरवायचा आणि गाळणी हलवायची, म्हणजे सारखी पडते. बनाबाईला ते जमलं. पिठासारखं चाळायची. पण चमकी ती चमकी. केसात गेली, लुगड्यात गेली, डब्यातल्या भाकरीला लागली. तारा सांगायची, घरी शेळ्यासुद्धा चमकून राहिल्यात काकू, मामंजी म्हणतात ह्यांना बाजारात नेलं तर लोक काय म्हणतील. मामंजी म्हणजे बनाबाईचा नवरा मसाजी. मेंढरं, शेळ्या आणि थोडी शेती, असं त्यांचं घर.

आणि एक लेक. शिवहार. तो घरी नव्हता.

वसमतच्या हळदीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला होता. लग्नाला वर्ष झालेलं. गावातल्या दुकानात त्याचा एकदा फोन आला, इंदूरहून, बरा आहे म्हणून. त्यानंतर चार-पाच वर्षं काही नाही. मसाजी मेंढरं भावाच्या स्वाधीन करून इंदूरपर्यंत जाऊन आला. ट्रकवाला म्हणाला, पोरगं मधेच उतरून गेलं, मला काय ठाऊक. ना माणूस, ना खबर. बनाबाईचं एकच म्हणणं, माझा लेक जित्ता हाय. त्यामुळं तारा हातभर बांगड्या घालून आणि ठळक कुंकू लावून हिंडायची, आणि सणावाराला आमच्या पेमासारख्या बायका तिच्याकडं बघून कुजबुजायच्या. मी पेमाला एकदा चांगलं फैलावर घेतलं. तेव्हापासून ती माझ्या मागं कुजबुजते.

मग एक दिवस ताराचा भाऊ आला. गोपाळ. पुसेगावला जाऊन बोलायची त्याची छाती झाली नसावी, म्हणून प्रेसमध्ये आला. उभ्या उभ्याच बनाबाईशी बोलला.

'मावशी, वसमतला एक जागा हाय. हळदीच्या आडतीवर मापाडी हाय माणूस. बायको वारली. लेकरू न्हाई. ताराला करून घ्यायला तयार हाय. पण संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणला. त्याच्या घरचे दुसरीकडं बघून राहिलेत.'

त्यांच्यात पाट लागतो. बाई विधवा झाली की दुसरं घर करता येतं, त्यात कुणी नाक मुरडत नाही. पण ताराचं काय, ना ती सवाशीण ना विधवा.

बनाबाईची गाळणी थांबली. 'माझा लेक जित्ता हाय.'

'आसंल,' गोपाळ म्हणाला. 'मग आणा. पाच वर्सं झाली. आणा की.'

'येईल.'

'कवा? मावशी, मी भांडायला आलो न्हाई. भावकीत इचारलं. त्यांचं म्हणणं एकच. सासरहून खबर आली पायजे. कोपरा फाडून पत्र आलं, की आमी अंघोळ करू, सुतक धरू, मग पाट लावू. सासरच्यांनी जित्ता म्हणल्यावर आमी कसं मेला म्हणावं? पाटाला कुणी बसायचं न्हाई.'

'न्हाई येयाचं पत्र,' बनाबाई म्हणाली आणि पुन्हा चाळायला लागली. गोपाळ वळला. बहिणीकडं बघितलं नाही त्यानं. गेला.

तारानं सगळा वेळ शिक्के मारले. एकही वाकडा नाही. मला त्या पोरीचा राग आला, अगदी खरं सांगते. म्हटलं, हिला तोंड नाही का? संध्याकाळी मागच्या नळावर हात धुवायला आली तेव्हा मी गाठलंच.

'काय गं, तुझ्या जन्माचं बोलणं चाललं होतं, तू मुकी झालीस काय?'

ती चमकी घासत राहिली. ती काही निघत नाही पाण्यानं. मग म्हणाली, 'काकू, मला जायाचंय.'

'मग बोल ना तसं.'

'मला लई जायाचंय,' ती म्हणाली. 'मला घर पायजे. लेकरू पायजे. माझ्या सोबतच्या पोरींची लेकरं शाळंत जाऊन राहिलीत. पण ह्या आईनं, सासूनं धाडलं तर. टायफाइड झाला व्हता तवा दोन महिने आईनं मला हातानं चारलं. माझ्या आईनं न्हाई इतकं केलं. तिच्या तोंडावर पाय देऊन जाऊ व्हय?'

मी म्हटलं, हात पूस आणि जीप जाईल तुझी.

इकडं पहिला गठ्ठा तयार झाला. झाडं हिरवी, घंटा सोनेरी, कोपऱ्यात जास्तीची चांदणी. बांधायला घेणार तर पेमा म्हणाली, 'वैनी, कार्ड आनंदाचं हाय ना? मग तसंच कोरडं पाठवायचं?' तिनं हळदीकुंकू कालवलं आणि प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्याला बोट लावलं, लग्नपत्रिकेला लावतो तसं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरं वाटलं. नमुन्यातला तो कापलेला कोपरा माझ्या डोळ्यापुढून जात नव्हता, त्यावर हा उतारा झाला. ह्यांनी गठ्ठा एसटीनं औरंगाबादला पाठवला.

फोन आला तो माझ्याच हातात.

'काकू, हे पिवळे डाग कसले पडलेत?' विश्वजीत ओरडत होता. 'भाजीचे हात लावलेत काय? सगळा गठ्ठा!'

'डाग नाहीत. हळदीकुंकू आहे.'

'कार्डाला हळदीकुंकू?' तो किंचाळला. मग म्हणाला, 'आणि कोपरा? कोपरा का नाही कापला?'

'आमच्याकडं शुभाच्या कार्डाचा कोपरा कापत नाहीत.'

'काकू, हे तुमच्याकडं जाणारच नाही! हे तिकडं जाणार! त्यांनी तो कोपरा बघूनच माल पसंत केलाय. कोपरा कापलेला नसेल तर एक कार्ड घेणार नाहीत. डागाचा गठ्ठा ठेवा तुम्हालाच. बाकीचं कापून द्या, नाहीतर मी हे काम दुसरीकडं देतो.' आणि ठेवला फोन. माझ्याशी असं कुणी बोलत नाही. पण दोष देऊ कुणाला? नमुना त्यानं दिला होता, बराबर असाच पाहिजे हेही सांगितलं होतं.

मी ह्यांना म्हटलं, चला, कार्डं उघडून कापायच्या मशीनला लावा, एका दाबात गठ्ठा निघेल. हे मशीनपाशी गेले, चाकावर हात ठेवला, आणि काढून घेतला. 'ह्याच पात्यावर मी लोकांच्या पत्रिका...' पुढं नेहमीप्रमाणं काही नाही. पण ह्या वेळी मलाही पुढचं वाक्य ऐकायचं नव्हतं.

मग कात्री. टेबलावर बाकीच्या कार्डांचा ढीग, मधे कात्री, आणि आम्ही बायका भोवती. पेमा म्हणाली, माझे पाच जीव हायेत घरात, मी हात लावायची न्हाई. रागिणी म्हणाली, मला दिवस गेलेत काकू. ते मला तेव्हाच कळलं. मी दोघींना म्हटलं, बावळट आहात, कागद आहे कागद, त्याला काय कळतंय, आणा इकडं. कात्री उचलली. कार्ड धरलं. आणि माझा थोरला पुण्याला होस्टेलवर होता, तो डोळ्यापुढं उभा राहिला. आठ दिवसांत त्याचा फोन नव्हता. माझा हात चालेना. मी कात्री खाली ठेवली. पेमानं काही म्हटलं नाही, हे तिचे उपकार.

'द्या, मी कापते,' तारा म्हणाली.

तिनं हात पुढं केला तर बनाबाईनं गाळणीच तिच्या मनगटावर मारली. चमकी सगळीकडं उडाली. 'भवाने! कुकू हाय तुझं अजून!'

'कुठं हाय?' तारा म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा इतका मोठा ऐकला. 'कुठं हाय आई? दावा मला. पाच वर्सं रोज लावून राहिले, कुणाच्या नावानं? तुमच्यासाठी लावते. तुमचं मन मोडू नये म्हणून. मी मेले तरी तुमी म्हणसाल लेक येईल. येऊ द्या. तवा मी कुठं आसंल?'

आणि रडायला लागली. तोंडावर हात नाही, पदर नाही, तशीच. मला वाटलं, आता बनाबाई मारते. पण ती उठली, चपला घातल्या आणि जीपच्या थांब्याकडं चालू लागली. तारा डोळे पुसत मागं गेली. कात्री टेबलावर तशीच.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मला दोघींची काळजी लागली म्हणाल तर खोटं. मला कार्डांची काळजी लागली होती. रागिणीला तिच्या सासूनं घरी बसवलं. पेमा नुसती डिंकाची भांडी घासत होती. मी ह्यांना म्हटलं, सरळ सांगून टाका औरंगाबादला, होत नाही म्हणून. हे म्हणाले, 'बघू, उद्या...'

उद्या बनाबाई आली. एकटी.

सकाळची पहिली जीप पकडली असावी, मी प्रेस झाडतच होते. ती आत आली, टेबलापाशी बसली आणि कात्री ओढून घेतली. मी म्हटलं, बनाबाई, तारा कुठंय? ती म्हणाली, 'घरी. मेंढराकडं. द्या इकडं ती कार्डं.'

'बनाबाई, तुमच्यावर जबरदस्ती नाही माझी.'

'म्या म्हणलं व्हय जबरदस्ती हाय?'

मी ढीग तिच्यापुढं सरकवला. तिनं पहिलं कार्ड घेतलं. कोपऱ्यावरची चमकी अंगठ्यानं पुसली. मग कात्री लावली, तिरपी, नमुन्यासारखी. कोपरा खाली पडला. ते कार्ड तिनं ढिगात टाकलं नाही, आपल्या मांडीखाली ठेवलं. दुसरं घेतलं आणि मग थांबली नाही. मेंढरं कातरणारी बाई ती, कात्री तिला नवी नव्हती. पेमा आली, दारातून बघितलं आणि माझ्याकडं बघून परत गेली. मी समोर बसून कापलेली कार्डं पाकिटात घालू लागले.

मधेच तिनं विचारलं, 'ही कोणाच्या घरी जातेत?'

'परदेशी. लांब.'

'त्यांच्यात कोपरा कापला तर काय न्हाई होत?'

'नाही. त्यांचा सण असतो. देवाचं लेकरू जन्मलं, त्याचा.'

'लेकरू जल्मलं म्हून कोपरा कापतेत?'

'शोभेसाठी हो. आतला लाल दिसावा म्हणून.'

तिनं कापलेल्या जागेतून आतला लाल कागद बघितला, बोटानं चाचपला. 'बरंय त्यांचं,' म्हणाली. मग दुपारपर्यंत ती कापत राहिली आणि मी पाकिटं भरत राहिले. मी भाकरी पुढं केली, तिनं नको म्हटलं. मी जरा रागावले, तरी नको म्हटलं. ढीग संपला. फरशीवर कोपऱ्यांचा खच पडला होता, ह्यांनी तो झाडायला घेतला तर तिनं हात करून थांबवलं आणि स्वतः गोळा केला.

मग मांडीखालचं ते पहिलं कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं. हिरवं झाड, सोनेरी चांदणी, चमकी.

'लिहा,' म्हणाली.

'काय लिहू?'

'गोपाळच्या घरी धाडायचं. आमच्या मालकाच्या नावानं लिहा. लेक वारला म्हून लिहा.'

'खबर आली का काही?' मी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. कुठूनच काही आलं नव्हतं. फोन नाही, माणूस नाही. फक्त दोन दिवस ती घरी बसली होती आणि तारा तिच्याशी नेहमीसारखी बोलत होती, भाकरी वाढत होती, पाय दाबत होती. बनाबाई म्हणाली, 'ती पोरगी मला सोडून जायाची न्हाई. म्हातारी होईल, पण जायाची न्हाई. म्हून मलाच कायतरी करायला पायजे.'

'आणि तो आला तर?'

'आला तर मला शिव्या घालील. घालू द्या. जित्ता असून मारलं म्हणंल. म्हणू द्या. मी आईच हाय त्याची, माझ्यावर राग धरायचा तर धरंल. पण ह्या पोरीचं वय काय थांबतं व्हय?'

'मसाजीला विचारलंत?'

'त्याला कवाच ठावं हाय. माझ्यासाठी गप बसला व्हता.'

शिवहार आला का, असं तुम्ही विचाराल. नाही आला, आजपर्यंत नाही. ताराचा पाट संक्रांत झाल्यावर लागला, तिला दोन पोरी आहेत, वसमतला मापाड्याच्या घरात ती सुखी आहे. पण त्या दुपारी टेबलापाशी बसलेल्या बाईला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या हिशेबी शिवहार दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपमधून उतरू शकत होता.

मी उठून कपाटातून साधं पोस्टकार्ड काढलं. म्हटलं, बनाबाई, ह्याच्यावर लिहू या. हे चमकीचं आहे, झाडाचं. लोक काय म्हणतील? असली खबर कुणी ह्याच्यावर देतं का?

'ह्याच्यावरच लिहा,' ती म्हणाली. 'ह्याचा कोपरा म्या त्याच्या नावानं कापलाय. बाकीचे नुसते कापले. दुसऱ्यांदा न्हाई कापता येयाचा मला.'

मी कार्ड उघडलं. आतलं पान लाल, त्यावर निळी शाई दिसेना, काळी घेतली. तेरवीचे इतके मजकूर मी तपासलेत की शब्द आपोआप येतात. कळविण्यास अत्यंत दुःख होते की. मग त्याचं नाव लिहिलं, शिवहार मसाजी. पुढं तारीख लागते. मसुद्यात ती जागा सोडताच येत नाही.

'बनाबाई, तारीख कोणती घालू?'

ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर काही नव्हतं, एसटी उभी होती एक.

'आजची घाला,' म्हणाली.

मी आजची घातली. खाली मसाजीचं नाव लिहिलं. पाकिटावर गोपाळचा पत्ता तिनं सांगितला तसा लिहिला, गाव, तालुका, जिल्हा. जिल्हा लिहिताना सवयीनं परभणी लिहिलं आणि खोडून हिंगोली केलं. पाकीट ह्यांच्या हातात दिलं. हे लगेच पोस्टात गेले.

बनाबाई उठली. कुंकवानं भरलेलं तिचं कपाळ, त्यावर दोन-चार ठिपके चमकीचे. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाली, 'बाई, खबर ऐकली. मला पाणी घ्यायला पायजे. न्हाणी कुठशी हाय?'

मी तिला मागं नेलं. नळाखाली बादली भरली. थंडीच्या दिवसांतलं पाणी, बर्फासारखं. मी म्हटलं, थांबा, ऊन पाणी आणते, तर तिनं थांबायचं नाव घेतलं नाही. लुगड्यासकट खाली बसली आणि तांब्या डोक्यावर ओतला. पहिल्या तांब्याला तिच्या तोंडून लेकाचं नाव निघालं, आणि मग ती त्या पाण्यात बसून इतकी रडली की पलीकडच्या बायका भिंतीवरून डोकावल्या. मी त्यांना हाकलून दिलं.

ती बाहेर आली, मी टॉवेल दिला, माझं कोरडं लुगडं दिलं. ती उंबऱ्यात बसून केस पिळू लागली. मग मी न्हाणीत गेले. आमचं त्यांचं नातं ना गोतं, मला अंघोळ लागत नव्हती. मी बादली पुन्हा भरली आणि थंडच पाणी डोक्यावरून घेतलं.